बांधातली पिल्लं

बाबा बांधावर एकाच जागी उभे होते. लांबून मला वाटलं, माझीच वाट पाहतायत.

मी तेव्हा रोह्याच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते, प्राणिशास्त्र घेऊन. नव्वदच्या दशकातली गोष्ट. वरसे गावात मावशीकडं राहायचे आणि सणावाराला घरी यायचे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळं घरी येताना नेहमी थोडं अवघडल्यासारखं व्हायचं. त्या दिवशी शिमग्यासाठी निघाले होते. पॅसेंजरनं पेण, तिथून एसटीनं वडखळ नाका आणि पुढं खाडीच्या बांधावरून चालत.

आमचं गाव बांधाच्या आधारानं जगतं. एका अंगाला खाडी आणि तिवरं, दुसऱ्या अंगाला भाताची खाचरं. भरतीला खाडीचं पाणी शेतांपेक्षा वर चढतं, मधे फक्त हा मातीचा बांध. त्याला भोक पडलं, भोक रुंदावून खांड झाली आणि खारं पाणी आत शिरलं, की पुढची दोन-तीन वर्षं त्या जमिनीत भात होत नाही.

"पुढं येऊ नको गो," बाबा तिथूनच म्हणाले. "भोक हाय."

गावाचा एक जुना नियम होता. ज्याला बांधात भोक दिसेल, त्यानं ते सोडून जायचं नाही. तिथंच उभं राहून हाक द्यायची. घरात बाळंतपण असो, नाहीतर मयत, जागा सोडायची नाही. कारण तिवरांच्या मुळांत आणि चिखलात माणसाला ते भोक पुन्हा सापडत नाही, पाण्याला मात्र बरोबर सापडतं. आणि नियमाचा दुसरा भाग असा, की ज्यानं भोक पाहिलं, त्यातून जे काही निघेल तेही त्यानंच निस्तरायचं. साप निघाला तर सापसुद्धा.

बाबांनी हाका दिल्या होत्या, पण वारा उलटा होता आणि माणसं मिठागरावर. मी पिशवी तिथंच ठेवली आणि बोलवायला धावले.

माणसं फावडी घेऊन आली. सगळ्यांच्या पुढं माझे चुलतकाका, बाबांचे चुलतभाऊ. भोकाच्या बरोबर खाली त्यांचंच खाचर होतं. पंचमीचा दिवस, भांगाचं म्हणजे कमी भरतीचं पाणी, ते काही भोकापर्यंत चढत नव्हतं. पण होळीचं उधाण जवळ आलं होतं आणि ते नक्की पोचलं असतं. काकांनी फावडं घातलं. आतून माशांचा कुजका वास आला.

"चिंबोरीचं बीळ नाय हे," काका म्हणाले. "उदाचं घर हाय."

ऊद म्हणजे पाणमांजर; चिंबोरी, म्हणजे खेकडा, एवढं मोठं बीळ करत नाही. तेवढ्यात खाडीच्या बाजूनं काहीतरी काळपट सुळकन चिखलावरून घसरलं आणि पाण्यात गेलं. ती आई होती. आणखी थोडी माती निघाली तेव्हा आत दोन पिल्लं दिसली. मांजरीच्या पिल्लांपेक्षा मोठी, तपकिरी, चपट्या डोक्याची. एकमेकांच्या अंगाखाली शिरायचा प्रयत्न करत होती आणि बारीक शीळ घातल्यासारखी ओरडत होती. मी वहीत पाणमांजराची कवटी काढली होती, दातांची नावं पाठ केली होती. असं काही ऐकलं नव्हतं.

"जाळी फाडतात ते फाडतात, आता बांध पण," काका म्हणाले. "घे फावड्याखाली. नायतर बाजूला हो, मी घेतो."

"भोक मी बघितलं," बाबा म्हणाले.

"मग तूच बघ. पण होळीचं उधाण येतंय. ही इथं ऱ्हायली तर तीपण इथंच येणार, परत उकरणार. खांड गेली तर तुझ्या नावानं बोंब मारीन, शिमग्याची वाट नाय बघणार."

मागून कोणीतरी म्हणालं, "घरी ने रे. पाळ. म्हावरं आणून देतील." सगळे हसले, बाबासुद्धा थोडे हसले, पण त्यांनी फावडं उचललं नाही. ते पिल्लांकडं बघत राहिले.

मी बोलले. चारचौघांत, एवढ्या पुरुषांसमोर, मी तोपर्यंत कधी बोलले नव्हते. "रोह्याच्या वरच्या अंगाला नदीत ऊद आहेत. आमच्या सरांनी सांगितलंय. तिथं नेऊन सोडली तर जगतील."

"कॉलेजात उदांचा पत्तापण देतात काय गो?" काकांनी विचारलं. पुन्हा हसू झालं. मग ते गंभीर झाले. "जगतील?"

"जगतील," मी म्हटलं.

बाबांनी अंगावरचा पंचा काढला, त्यात पिल्लं गुंडाळली आणि मग माणसांनी बांध भरायला घेतला. चिखलाचे गोळे हातोहात येत होते, दोघं-तिघं पायांनी तुडवत होते. दुपारची भरती यायच्या आत तिथं काही होतं असं वाटूसुद्धा नये, असा बांध सारखा झाला.

पिल्लं घरी टोपलीत ठेवली. वर जुन्या जाळ्याचा तुकडा बांधला. आईनं निवट्या, चिखलातले बारके मासे, आणून टाकल्या. बराच वेळ त्यांनी तोंड लावलं नाही, मग एकदम कराकरा खायला लागली, डोक्यापासून सुरुवात करून. आई म्हणाली, "बाबासारखीच खातात, डोकं आधी." तेवढं एकदाच घरात हसू झालं.

दिवेलागणीला खाडीकडून शीळ आली. लांब, मग जरा जवळून. टोपलीतल्या पिल्लांनी कान टवकारले आणि दोघं एकदम ओरडायला लागली. आईच्या हातातली भाकरी परातीतच राहिली.

"ती बोलावतेय," आई म्हणाली.

बाबा टोपलीवरच्या जाळ्याची गाठ घट्ट करत राहिले.

"आयशीपासून तोडून नेताय."

"मग काय करू? परत बांधात ठेवू? काकाचं फावडं बघितलंस तू?"

आई माझ्याकडं वळली. "तिथं नदीला दुसरे ऊद हायत, पण ते ह्यांना घेतील काय गो? आपल्याकडं परक्या गावचं रेडकू आलं तर म्हशी जवळ करतात?"

मला माहीत नव्हतं. मी म्हणाले, "पिल्लं मोठी आहेत, मासे खातात, पोहता येत असेल." यातलं पहिलं आणि दुसरं मी पाहिलं होतं. तिसरं अंदाजानं म्हटलं होतं.

सकाळी लवकर आम्ही वडखळ नाक्यावर गेलो. टोपलीला वरून गोणपाट बांधलं होतं. कोलाडकडं जाणारी एसटी आली, मागच्या बाकावर जागा मिळाली. बाबांनी टोपली पायांत ठेवली.

कंडक्टर तिकिटं फाडत आला. "काय हाय त्यात? कोंबड्या? कोंबड्या असतील तर सामानाचं तिकीट लागंल."

"चिंबोऱ्या," बाबा म्हणाले.

नेमकी त्याच वेळेला टोपलीतून शीळ आली. पुढच्या बाकावरच्या बाईनं मागं वळून बघितलं.

"चिंबोऱ्या कधीपासून शिट्ट्या मारायला लागल्या?" कंडक्टर म्हणाला.

"आमच्या खाडीच्या मारतात."

"मग गाडीत नको. डायवर थांबवंल गाडी, त्याला वाटंल मीच घंटीऐवजी शीळ घातली."

सगळी मागची बाकं हसली. त्या बाईनं विचारलं, "दाखव ना रे भाऊ, काय हाय ते?" बाबांनी गोणपाटाचा कोपरा वर केला. जाळ्याच्या भोकातून एक ओलं नाक बाहेर आलं. बाईनं तिच्या पिशवीतली सुकी वाकटी मासळी काढली आणि तुकडा मोडून दिला. नागोठण्यापर्यंत मागच्या अर्ध्या गाडीला पिल्लांची हकीकत ठाऊक झाली होती. कंडक्टरनं तिकीट लावलं नाही. उतरताना म्हणाला, "नीट सोडा. आणि परत येताना रिकामी टोपली आणा." तोच त्या प्रवासातला बरा भाग.

कोलाडला उतरून आम्ही नदीच्या काठाकाठानं वर चालत गेलो. नदी तिथं दगडांतून वाहते, खाडीसारखी संथ नाही. पण त्या सकाळी पाणी अगदी थोडं होतं. मधले खडक उघडे पडले होते, त्यांच्या अंगावर ओलसर पट्टे. बाबांनी ते पट्टे बघितले आणि खूश झाले.

"आज षष्ठी," ते म्हणाले. "तिथीची पाऊणपट केली की भरती. साडेचार. पहाटे साडेचारला भरती होऊन गेली, साडेदहाला पुरी सुकती. बघ, पाणी उतरतंय. आपल्याला येळ हाय."

आमच्याकडं शाळेत न गेलेला माणूससुद्धा हा हिशोब झोपेत सांगेल. मला त्यात चूक दिसली नाही. रोह्याच्या पुलाखाली पाणी चढताना-उतरताना मी रोज पाहत होते, तिथपर्यंत खाडीचा जोर येतो हे ठाऊक होतं. नदी शेवटी खाडीलाच मिळते, मग तिचं पाणीही खाडीच्याच सांगण्यावर चालणार. बाबांनी तसं बोलूनही दाखवलं.

नदीच्या मधोमध एक रुंद खडक होता. आम्ही घोट्याएवढ्या पाण्यातून त्याच्यावर गेलो. खडकावर माशांच्या खवल्यांचा आणि खेकड्यांच्या कवचांचा चुरा पडला होता, वाळलेला, उग्र वासाचा. सरांनी वर्गात सांगितलेलं तेच. पाणमांजरं ठरलेल्या खडकावर येऊन विष्ठा टाकतात. मी बाबांना दाखवलं. "इथं येतात ती. रोज येत असणार."

बाबा वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "खरं बोललीस तू."

माझ्या शिक्षणाबद्दल त्यांनी तोपर्यंत चांगलं-वाईट काही म्हटलं नव्हतं. फी भरायचे, बस. त्यामुळं ते वाक्य माझ्या लक्षात आहे.

त्यांनी टोपलीचं जाळं सोडलं. पिल्लं बाहेर येईनात. तळाशी एकमेकांना चिकटून बसली.

"माणसाच्या वासानं येत नसतील," मी म्हटलं. "आपण लांब जाऊ."

"तू जा काठाला. मी हाय. कुत्रं-बित्रं आलं तर?"

मी परत काठावर जाऊन करंजाच्या झाडाखाली बसले. बाबा खडकाच्या कडेला, टोपलीपासून थोडे लांब, पाठ करून. चपला त्यांनी खालच्या दगडावर काढून ठेवल्या होत्या. ऊन चढत होतं. बऱ्याच वेळानं एक पिल्लू टोपलीच्या काठावर पुढचे पाय ठेवून उभं राहिलं आणि हवा हुंगायला लागलं. मी श्वास रोखून बघत होते, म्हणून चपलांकडं लक्ष गेलं नाही.

आधी बाबांनीच पाहिल्या. त्या दगडावर नव्हत्या. पाण्यावर गोल फिरत होत्या, मग एकामागून एक निघाल्या.

बाबांनी पाण्याकडं बघितलं, मग उन्हाकडं. मला अजून दिसतं ते. त्यांना घाई करायला हवी होती आणि ते हिशोब करत उभे होते. "आता भरती?" असं म्हणाले असावेत, ओठ हलले. मग मला ऐकू येईल असं म्हणाले, "थांबंल. ही भरतीची येळ नाय."

पाणी थांबलं नाही. खाडीचं पाणी मागून येतं, खालून, गुपचूप फुगतं. हे वरून येत होतं. दगडांमधल्या फटी आवाज करायला लागल्या.

पलीकडच्या काठावर दोन बायका कपडे गोळा करत होत्या. त्यातली एक हात हलवून ओरडली, "निघ रे बाबा. पाणी सोडलंय."

बाबा टोपलीकडं वळले तेव्हा खडकावर पाणी आलं होतं. टोपली कलली. जे पिल्लू काठावर उभं होतं ते सरळ पाण्यात पडलं, की त्यानंच उडी मारली, मला सांगता येणार नाही. दुसरं बाबांनी मानेला धरून सदऱ्याच्या आत टाकलं आणि पाण्यात उतरले. मघाशी जिथं घोटा बुडत होता, तिथं कमरेच्या वर पाणी होतं. बाबा पट्टीचे पोहणारे. खाडीत ते भरतीला तिरकं कापत जायचे. इथं तिरकं जायला जागाच नव्हती. पाण्यानं त्यांना सरळ ओढलं.

मी काठावरून धावत होते. दगडांवरून पडले, उठले. ओरडत होते की नाही, ते आठवत नाही. बाबांचं डोकं दिसायचं, जायचं. एक हात सदरा छातीशी दाबून धरलेला, पोहायला एकच हात. मला त्या क्षणी त्या पिल्लाचा राग आला, बाबा ते सोडत का नाहीत म्हणून.

पुढं एक उंबर पाण्यावर ओणवा झाला होता. बाबांनी त्याची फांदी धरली. थोडं वर लाकडी साकव होता, त्या बायकांपैकी एक तिथून धावत आली होती. तिनं आणि मी त्यांना दंडाला धरून ओढलं. कोपर फुटलं होतं. सदरा उघडला तेव्हा पिल्लू जिवंत होतं आणि त्यानं बाबांच्या छातीला कडकडून चावा घेतला होता.

"खालचे काय तुम्ही?" बाई धापा टाकत म्हणाली. "सकाळचं पाणी येतं ना वरून, विजेच्या धरणाचं. आमची पोरंपण ह्या वेळेला नदीत नसतात."

"रोज येतं?" बाबांनी विचारलं.

"रोज. दुपारनं उतरतं."

"तिथी बघून नाय?"

बाईला हसू आलं, पण बाबांचं तोंड बघून तिनं ते आवरलं. "वीज कसली तिथी बघतेय, दादा?"

आम्ही दुसरं पिल्लू शोधत खाली चालत गेलो. एकदा मला फेसात काळं डोकं दिसल्यासारखं वाटलं. बाबांनाही दाखवलं. ते म्हणाले, दिसलं. दुपारनंतर पाणी खरंच उतरलं आणि खडक पुन्हा वर आला, धुतल्यासारखा स्वच्छ. खवले नव्हते, टोपली नव्हती.

राहिलेलं पिल्लू एकट्याला तिथं सोडायची आमची हिंमत झाली नाही. ते पंच्यात गुंडाळून आम्ही परतीच्या एसटीत बसलो. बाबा अनवाणी. त्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. पाण्यानं फसवलं, याच धक्क्यात ते होते. नागोठण्याच्या आसपास त्यांनी विचारलं, "पोहत होतं ना ते?"

"पोहत होतं."

"मग जगलं असंल."

थोड्या वेळानं पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. आदल्या दिवशी "जगतील" किती सहज म्हणाले होते, ते आठवून मला त्यांच्याकडं बघवेना.

वडखळला उतरल्यावर ते घराकडं वळले नाहीत, बांधाकडं वळले. संध्याकाळ होत होती. पाणी नुकतंच ओसरायला लागलं होतं, बाबांच्या पाऊणपटीप्रमाणं, वेळेवर. बाबा क्षणभर त्याच्याकडं बघत उभे राहिले. मग चिखलात उतरून तिवरांच्या कडेला पिल्लू ठेवलं आणि आम्ही मागं येऊन बसलो.

पिल्लू ओरडायला लागलं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग पलीकडच्या काठावरून शीळ आली. पाण्यावर एक रेघ निघाली आणि आमच्या दिशेनं येत राहिली. तिनं पिल्लाला हुंगलं, सगळीकडून हुंगलं, त्याच्या अंगाला आमचा वास होता. मग मानेला धरून पाण्यात नेलं. पण लगेच गेली नाही. पुन्हा वर आली, ज्या जागी पिल्लू होतं तिथं फिरली, तिवरांत शिरून बघितलं. दुसरं शोधत होती. ओहोटीबरोबर ती पलीकडं गेली तोवर जवळपास अंधारलं होतं.

काकांना बाबांनी त्याच दिवशी सांगितलं, "एक परत आणलं." काका म्हणाले, "उधाण जाऊ दे, मग बोलतो." उधाण आलं, गेलं. बांध टिकला. काकांनी विषय काढला नाही.

कॉलेज उघडल्यावर मी सरांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "आई जवळपास असेल तर पिल्लं हलवायची नसतात. जागा मोडली हे कळलं की ती स्वतःच उचलून नेते. फक्त माणसानं थोडं बाजूला व्हायला लागतं." मी ते घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी विड्या वळल्यासारखी बोटं एकमेकांवर घासली आणि म्हणाले, "एक भरती थांबायचं होतं."

पुढच्या वर्षी माघात मी घरी होते. अमावस्येचा दिवस. आईनं बाबांची भाकरी देऊन मला बांधावर पाठवलं. बाबा उभे होते, आदल्या वर्षीच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर.

"भोक?"

"व्हय. सूर्य उगवताना दिसलं. आत तीन पिल्लं हायत, वाकून बघितली."

"हाक दिली?"

"नाय अजून."

पाणी चढत होतं. सव्वाअकराला भरती होती आणि अमावस्येचं उधाण. भोकाच्या खाली याही वेळेला काकांचंच खाचर. पलीकडं पाण्यात ती डोकं काढायची, आमच्याकडं बघायची आणि बुडायची. बाबा तिथं उभे असेपर्यंत ती येणार नव्हती. आणि भोक सोडून जायचं नाही, असा नियम. बाबांनी हे सगळं मला सांगितलं नाही. मला ते त्यांच्याकडं बघून कळलं, कारण ते सारखे पायांखाली बघत होते.

शेवटी त्यांनी हातातली काठी भोकाशेजारी खोचली. "चल," म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा ते भोक सोडून निघाले. काठी दिसेल एवढ्याच अंतरावर आम्ही तिवरांच्या आड बसलो. बाबांची नजर काठीच्या बुडाशी, पाण्याच्या रेघेवर. मी भाकरी सोडली होती, कोणीच खाल्ली नाही. ती आली. थांबली. आत गेली आणि पिल्लू घेऊन बाहेर आली, पाण्यातून पलीकडं गेली. ती परत येईपर्यंतचा वेळ फार मोठा होता. पाणी भोकाच्या तोंडापाशी पोचलं तेव्हा ती दुसरं घेऊन निघाली होती.

"आजून हाय एक," बाबा पुटपुटले. "ये गो बाय, ये लवकर."

ती तिसरं घेऊन बाहेर पडली तेव्हा बाबा उठून धावत सुटले. भोकातून आतल्या अंगाला पाणी झिरपायला लागलं होतं. त्यांनी त्यात पाय रोवला आणि जी हाक दिली, ती वाऱ्याविरुद्धही मिठागरापर्यंत गेली.

माणसं आली. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून भोक भरलं. बांध वाचला, पण काकांच्या खाचराच्या एका कोपऱ्यात खारं पाणी साचलं. काकांनी चिखलावरची पावलं बघितली, काठी बघितली.

"भोक कधी दिसलं?"

"सकाळी," बाबा म्हणाले. "उजाडताना."

"आणि हाक आता."

"व्हय."

"सोडून गेलास?"

बाबांनी होकारार्थी मान हलवली. गावानं ऐकलं. त्यानंतर पुष्कळ दिवस बांधाच्या कामाला बाबांना कोणी पुढं उभं केलं नाही, मागं माती उचलायला ठेवायचे. काका आमच्या घरी आले नाहीत. पावसाळ्यात सगळं खाचर हिरवं झालं आणि तो कोपरा पांढरट राहिला. बांधावरून जाता-येता तो दिसायचाच. काका कोणाला तरी म्हणाले, "तिथं ऊद पेरल्यात." ते बाबांच्या कानावर आलं. आपल्या खाचरातली रोपं नेऊन त्यांनी न विचारता त्या कोपऱ्यात लावली. ती जळून गेली. पुढच्या पावसात पुन्हा लावली.

मी मात्र नदीकडं जात राहिले, मावशीकडं वरसे गावात होते तोवर. खडकावर खवले असायचे. एकदा लांबून तीन पाणमांजरं दिसली, एकामागून एक पोहत वर गेली. त्यांत आमचं होतं का, हे ओळखायची कुठलीही खूण मला ठाऊक नाही. घरी गेले की बाबा पिल्लाचं नाव काढत नसत. वेगळंच विचारायचे.

"नदीला गेलीस काय गो?"

"गेले होते."

"पाणी होतं?"

"सकाळचं होतं."

"ती येळ टाळून जात जा," ते म्हणायचे आणि मग मी आणखी काही सांगते का, याची वाट बघत थोडा वेळ तसेच बसून राहायचे.